रग्बीचा संघ : जुने खांदे आणि नवे पाय



कामगार संघटनेच्या माणसाने ह्या व्यासपीठावर उभे राहून रग्बीवर बोलावे, ह्याचे तुम्हांला नवल वाटले असेल. मी हा खेळ कधी खेळलो नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. इंग्लंडच्या मजूर चळवळीविषयी वाचताना एक हकीकत सापडली. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक भरवून रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेशी काडीमोड घेतला. भांडण कशाचे? खाणीत आणि गिरणीत राबणारा खेळाडू शनिवारी सामन्याला गेला की त्याची मजुरी बुडे; ती भरून द्यावी, एवढीच मागणी होती. सुखवस्तू मंडळींना ती रुचली नाही. बुडालेल्या मजुरीवरून ज्या खेळाची दोन शकले झाली, तो आपल्या नात्यातला, असे समजून मी त्याच्या मागे लागलो. पुढे दूरचित्रवाणीवर पाहूही लागलो.

आजचा प्रश्न निवडीचा आहे. दहा वर्षे देशाकडून खेळलेला पस्तिशीचा गडी आणि क्लबात चमकू लागलेला विशीचा पोरगा, ह्यांतून कोणाला घ्यावे?

आमच्याकडे ह्याला तयार उत्तर असते. छाटणी आली तर शेवटी लागलेला आधी जातो. ज्येष्ठता यादी भिंतीवर लावलेली असते. हा नियम मी जन्मभर लढवला आणि उद्याही लढवीन, कारण त्याने मालकाच्या मर्जीला वेसण बसते. पण खेळाच्या संघाला तो लागू पडत नाही. आणि हरल्यावर लोक ओरडतात तो उलटा नियम, म्हणजे म्हातारे काढा नि पोरे घाला, तोही लागू पडत नाही. का, हे कळायला खेळाची घडण थोडी पाहिली पाहिजे.

संघात पंधरा जण : आठ पुढचे, सात मागचे. ‘स्क्रम’मध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ वाकून, खांद्याला खांदा अडकवून एकमेकांना रेटतात. एका बाजूच्या आठांचे वजन आजकाल आठशे किलोंच्या वर जाते आणि तो सगळा भार पहिल्या ओळीतल्या तिघांच्या मानेवर येतो. तिथे ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागते कसब. पाय कोठे रोवावा, समोरच्याचा खांदा कधी ढिला पडतो, पंच कोणत्या बाजूला उभा आहे, हे वर्षानुवर्षे माती खाल्ल्याशिवाय येत नाही. ह्या तिघांच्या जागी ते काम शिकलेलाच बदली गडी पाहिजे, असा खेळाचा नियम आहे, कारण अडाण्याची मान मोडेल. उलट मैदानाच्या कडेने पळणारा विंग बहुधा लवकर बहरतो. तेव्हा ‘संघाचे वय’ हा शब्दच फसवा आहे. वय पाहायचे ते जागेजागेचे.

आता २२ नोव्हेंबर २००३. सिडनीत जागतिक चषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. इंग्लंडच्या संघाला म्हाताऱ्यांची पलटण म्हणून आधीच हिणवून झाले होते. पंच इंग्लंडला स्क्रममध्ये पुन्हा पुन्हा दोषी ठरवीत होते, आणि शेवटच्या मिनिटाला त्याच पायी ऑस्ट्रेलियाने १४-१४ अशी बरोबरी साधली. जादा वेळ सुरू होताना प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड ह्यांनी २७ वर्षांच्या व्हिकरीला बाहेर घेऊन ३५ वर्षांच्या जेसन लेनर्डला आत धाडले. गाठीशी शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने. स्क्रम निवला.

मग १७-१७. अर्धे-पाऊण मिनिट उरले असताना चेंडू हद्दीवरून आत फेकायचा होता. तो फेकला थॉम्प्सनने, वय २५. झेलला मूडीने, वयही तेच. कॅटने, वय ३२, तो घेऊन प्रतिपक्षाच्या भिंतीवर धडक दिली. डॉसन, वय ३१, फट पाहून घुसला आणि माणसांच्या ढिगाखाली गेला. इथे पेच होता. गोल मारणारा विल्किन्सन मागे तयार, पण त्याला नेमका चेंडू देणारा डॉसन खाली दबलेला. तेव्हा बॅकने, वय ३४, चेंडू उचलून कप्तान जॉन्सनला दिला, आणि जॉन्सन, वय ३३, तो घेऊन चार पावले पुढे जाऊन पडला. त्या चार पावलांनी जमीन फारशी मिळाली नाही. डॉसनला उठून जागेवर यायला वेळ मिळाला. डॉसनने चेंडू मागे दिला, आणि २४ वर्षांच्या डावखुऱ्या पायाच्या विल्किन्सनने उजव्या पायाने तो खांबांमधून मारला. २०-१७.

पण हा विल्किन्सन आला कोठून? १९९८च्या जून महिन्यात इंग्लंडचा संघ ब्रिस्बेनला गेला, तेव्हा बरेच प्रमुख खेळाडू दुखापतीने किंवा विश्रांतीसाठी घरी राहिले होते. कोऱ्या पोरांना पुढे केले. निकाल ०-७६. त्यांतले कित्येक पुन्हा फारसे दिसले नाहीत. १९ वर्षांचा विल्किन्सन त्यांतच होता. पुढल्या वर्षी त्याला एकदम सूत्रधाराच्या जागी न ठेवता शेजारच्या जागेवर ठेवले. सूत्रे कधी ग्रेसनकडे, कधी कॅटकडे. पोराने बाजूला उभे राहून पाहावे, चुकावे, आणि चूक झाकायला कोणीतरी हाताशी असावे. (जाता जाता सांगतो : २०००च्या नोव्हेंबरात ह्याच संघाने मानधनावरून संप केला. जुने पुढे उभे राहिले, नवे फुटले नाहीत, तडजोड झाली आणि त्याच आठवड्यात सामनाही जिंकला. मला तर तेव्हाच कळले की हा संघ आहे.)

चषक घरी आला आणि हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. २००४च्या जानेवारीत जॉन्सनने रजा घेतली; लेनर्ड गेला, बॅक गेला, विल्किन्सन दुखापतींनी जायबंदी, ऑगस्टमध्ये डलालिओही निघाला. घरच्या मैदानावर आयर्लंडने हरवले. जूनमध्ये न्यूझीलंडने ३६-३ आणि ३६-१२. नंतर ब्रिस्बेनलाच ऑस्ट्रेलियाने ५१-१५. सप्टेंबरात वुडवर्ड पायउतार झाले. म्हाताऱ्यांना चषकापर्यंत ठेवले ह्यात चूक नव्हती. ते एकाच वेळी जातील हे दिसत असताना त्यांच्या जागा अगोदर अर्ध्या-अर्ध्या वाटून दिल्या नाहीत, ही चूक.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, वाटाघाटींना बसणारे आम्ही पाचजण वीस वर्षे तेच होतो. पोरांना घोषणा द्यायला बोलावीत असू, टेबलाशी नाही. दोन वर्षांत चौघे निवृत्त झाले. पुढच्या कराराला माझ्याबरोबर चार नवे बसले. महागाई भत्त्याच्या एका कलमामागे तोंडी काय ठरले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. व्यवस्थापनाला पक्के ठाऊक होते. मला ते सही झाल्यावर आठवले. पुढची तीन वर्षे घरोघर पगार कमी गेला आणि लोक त्या चार पोरांना बोल लावीत राहिले. आता माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तावीस वर्षांची एक मुलगी बसते. बोलते ती, मी कागद पुढे सरकवतो.

न्यूझीलंडने हे कसे केले पाहा. २०१५ साली चषक जिंकून मॅकॉ, कार्टर, नोनू, स्मिथ, मिआलामू, वुडकॉक असे सहा दिग्गज एकदम गेले. इंग्लंडसारखीच वेळ. पण मॅकॉच्या जागेचा सॅम केन, वय २३, त्याच स्पर्धेत नामिबियाविरुद्ध कप्तान होऊन बसला होता. कार्टरच्या जागेचा बॅरेट अंतिम सामन्यात बदली म्हणून आला आणि शेवटचा ट्राय त्यानेच केला. २०१६मध्ये त्यांनी १४ सामन्यांपैकी १३ जिंकले. ह्यामागे पगाराचीही गोष्ट आहे. तिकडे प्रमुख खेळाडूंशी करार राष्ट्रीय संघटनाच करते; कोणाला कधी विश्रांती द्यायची, कोणाला कधी पुढे करायचे, हे तिच्या हाती. इंग्लंडात पगाराचा मुख्य धनी क्लब, आणि क्लबाच्या मालकाला येत्या शनिवारचा सामना जिंकायचा असतो. त्याला दोष देता येत नाही, पण चार वर्षांपुढचे तो का पाहील?

शेवटी एका पोराची गोष्ट. मॅथ्यू टेटला २००५च्या फेब्रुवारीत, एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर असताना, वेल्सविरुद्ध कार्डिफला खेळवले. वेल्सच्या हेन्सनने त्याला पोत्यासारखे उचलून मागे नेले. ते चित्र सगळीकडे छापून आले. इंग्लंड ९-११ हरले आणि पुढच्या सामन्याला टेट संघाबाहेर. पोरगा क्लबात परतला, निमूट खेळत राहिला. २० ऑक्टोबर २००७ रोजी पॅरिसला जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यात तो पुन्हा उभा होता, आणि त्याच्या लगतच्या जागेवर होता माइक कॅट, वय ३६. मध्यंतरानंतर लगेच टेटने दक्षिण आफ्रिकेची फळी फोडून मुसंडी मारली, गोलरेषेच्या अगदी जवळ पाडला गेला. चेंडू डावीकडे क्युएटोला मिळाला, आणि त्याने कोपऱ्यात झेप घेतली. पंचांनी चित्रफीत फिरवून फिरवून पाहिली. पाय हद्दीच्या रेषेला लागलेला ठरला. इंग्लंड ६-१५ असे हरले.