सरहद्द सरली, किल्ले उरले

कुर्ला, (प्रतिनिधी) : शीवची खाडी ओलांडून कुर्ल्यात पाऊल ठेवले की एकेकाळी राज्य बदलत असे. अलीकडे इंग्रजांची मुंबई, तर पलीकडे साष्टी. ती आधी पोर्तुगीजांची आणि १७३७ पासून मराठ्यांची. या सरहद्दीवरच शीवचा किल्ला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत उभा राहिला. मिठीकाठचा रिवा किल्ला, म्हणजेच धारावीचा ‘काळा किल्ला’, गव्हर्नर जॉन हॉर्नच्या आज्ञेने १७३७ मध्ये बांधल्याचे तेथील शिलालेख सांगतो. खाडीच्या मुखाशी माहीमचा किल्ला होताच.

१७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि सरहद्दच नाहीशी झाली. १८०५ मध्ये शीवचा बांधरस्ता पूर्ण झाला. १८०८ मध्ये कुर्ला व आसपासची गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना मिळाली, तीही मुंबई कोटातील अपोलो दरवाज्याजवळच्या जागेच्या मोबदल्यात! पुढे १८६० च्या दशकात कोट पाडला गेला, तेव्हा तो दरवाजाही गेला.

काम संपलेल्या किल्ल्याचे पुढे काय होते? जाड भिंती आणि डोक्यावर छप्पर असले की माणूस तेथे मुक्काम करतोच. आपल्याकडील गडांच्या दरवाज्यांत पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात. पहारा उठल्यावरही ऊन-पावसात पहिला आसरा त्यांचाच. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील हिव्हरच्या गढीचे दरवाजाघर मध्ययुगीन आहे. ॲन बोलिनच्या माहेरची ही वास्तू पुढे कुळांकडे गेली आणि चक्क शेतघर झाली. १९०३ मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या धनिकाने ती विकत घेऊन तिची डागडुजी केली. शेतकऱ्याच्या संसाराने निदान तोवर छप्पर राखले, असे म्हणावे लागते.

मुंबईत शेती कोठली? येथे किल्ल्यात शिरली ती घर न परवडणारी माणसे. माहीमच्या किल्ल्यात कित्येक दशके वस्ती होती. तटाला टेकून खोल्या उठल्या, त्यांवर मजले चढले. बाहेरून समुद्र तट पोखरत होता, आतून संसार वाढत होता. २०२२ मध्ये महापालिकेने तेथील २६७ बांधकामे हटवली आणि पात्र रहिवाशांना पर्यायी घरे दिली. या रहिवाशांना किल्ल्याचे मारेकरी ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आत कोणाचाही संसार नसलेला काळा किल्लाही झाडझाडोरा आणि दाट वस्तीच्या गराड्यात दुर्लक्षितच राहिला. म्हणजे माणसे हलवल्याने किल्ला रिकामा होतो, सुरक्षित होतोच असे नाही. माहीमला आता रोजची देखभाल आणि राखणदार हवा.

वापरातून तगलेल्या वास्तूचे उदाहरण मुंबईतच आहे. सेंट जॉर्ज रुग्णालयालगत १७६९ च्या फोर्ट जॉर्जचा एक तुकडा शिल्लक आहे. माहीमचा किल्ला ज्या राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली येतो, त्या विभागाचे कार्यालय याच तुकड्यात थाटलेले आहे.