'कलिच' ते 'यस्टर्डे ओन्ली' : दखनी आणि मराठी भाषकांच्या इंग्रजीतील काही लकबी

हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागात शहर केंद्रीय ग्रंथालय आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण-तरुणी तेथे स्वतःची पुस्तके घेऊन सकाळी येतात आणि रात्री दिवे मालवेपर्यंत बसतात. शेजारच्या अशोकनगरात शिकवणी वर्गांची दाटी आहे. या मुलांत तेलुगू माध्यमाची मुले सर्वाधिक असली तरी घरी दखनी बोलणारी, उर्दू माध्यमातून आलेली मुलेही आहेत. तेलंगणातील 'ग्रुप वन'ची मुख्य परीक्षा उर्दूतही लिहिता येते. परंतु सामान्य इंग्रजीची प्रश्नपत्रिका सर्वांनाच सोडवावी लागते. तिचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, मात्र त्यात जो अपात्र ठरला त्याच्या इतर उत्तरांचा उपयोग राहत नाही. दर्जा दहावीचाच. इतिहास आणि राज्यशास्त्र उत्तम येणारा मुलगाही या दहावीच्या इंग्रजीला धास्तावलेला असतो.

ही धास्ती बव्हंशी शिक्षकांनी निर्माण केलेली आहे, असे म्हणणे भाग पडते. उर्दूच्या तासाला हा विद्यार्थी 'लोगां', 'बातां' म्हणाला की त्याची उर्दू बिघडलेली ठरते. इंग्रजीच्या तासाला तो 'यस्टर्डे ओन्ली' म्हणाला की वर्ग हसतो. एकाच बोलीबद्दल त्याला दोनदा शिक्षा होते. वस्तुतः यांतील बहुतेक 'चुका' अज्ञानातून येत नाहीत. त्याच्या मायबोलीचे पक्के नियम तो इंग्रजीला लावत असतो. तो नियम शिक्षकाला माहीत असेल तर दुरुस्ती दोन मिनिटांत होते. नसेल तर वर्षभर लाल शाई वाया जाते.

या नियमांचा मराठीशी निकटचा संबंध आहे, म्हणून मराठी वाचकाला ते चटकन कळतील. दखनीतील 'नक्को' हे मराठी 'नको'च होय, आणि जोर देण्यासाठी येणारा 'इच' हा मराठी 'च'चा भाऊ. शतकानुशतके एकमेकींच्या अंगणात वावरलेल्या या भाषा आहेत. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा पुढील विवेचन चिक्कडपल्लीइतकेच नांदेड-परभणीच्या वर्गांनाही लागू पडते.

एका वाक्यातील दोन लकबी

मुलाखतीत विचारले जाते, 'तुम्ही कुठे राहता?' उत्तर येते, 'आय स्टे इन चिक्कडपल्ली ओन्ली.' आपल्या कानाला हे सरळ वाक्य आहे. लंडनच्या माणसाला मात्र ते दोन ठिकाणी अडते.

आधी 'ओन्ली' पाहू. मराठीत 'दोनच रुपये' म्हटले की 'च' मर्यादा दाखवतो : दोन, अधिक नाहीत. 'घर इथेच आहे' म्हटले की तोच 'च' केवळ जोर देतो. जगात इतरत्र घरे नाहीत असे कोणी सुचवत नाही. दखनीचेही तसेच : 'दोइच रुपे' आणि 'घर इधरिच है'. उर्दूतील 'ही' आणि तेलुगूतील शब्दाला मागून लागणारा 'ए' हीदेखील दोन्ही कामे करतात. विद्यार्थी शाळेत शिकतो की 'दोनच' म्हणजे 'ओन्ली टू'. मग 'च' म्हणजे 'ओन्ली' असे समीकरण तो मांडतो आणि ते 'इथेच', 'कालच', 'चिक्कडपल्लीतच' या सर्वांना लावतो. तर्क निर्दोष आहे. अडचण इतकीच की प्रमाण इंग्रजीत 'ओन्ली'कडे मर्यादेचे काम आहे, निव्वळ जोर देण्याचे नाही. जोरासाठी इंग्रजी माणूस आवाज चढवतो, किंवा वाक्याची घडी बदलून 'इट वॉज यस्टर्डे दॅट आय केम' असे म्हणतो. शिवाय आपला 'च' शब्दाच्या मागे येतो म्हणून 'ओन्ली'ही मागे जातो. इंग्रजीत तो बहुधा पुढे असतो.

विद्यार्थ्याला 'दोनच' आणि 'इथेच' ही जोडी फळ्यावर लिहून दाखवली आणि पहिल्यालाच 'ओन्ली' लागतो एवढे सांगितले, तर काम झाले. 'ओन्ली कुठेही लावू नका' या ओरडण्याने विद्यार्थी 'ओन्ली टू' म्हणायलाही कचरू लागतो.

दुसरी अडचण 'स्टे'ची. इंग्लंडमध्ये 'स्टे' म्हणजे पाहुणा म्हणून काही दिवस मुक्काम. कायम वास्तव्याला 'लिव्ह'. हा भेद आपल्याला अपरिचित नाही. मराठीत माणूस गावी राहतो, पण लग्नाला गेला की मामाकडे उतरतो. उर्दूत 'रहना' आणि 'ठहरना' वेगळे आहेत. तरीही 'राहणे'साठी 'स्टे' रुळला आहे. गमतीचा भाग असा की स्कॉटलंडमध्ये लोक कायमच्या घराबद्दलही 'स्टे' म्हणतात. 'व्हेअर डू यू स्टे?' असा प्रश्न ग्लासगोत विचारला तर कोणी चमकणार नाही. म्हणजे चिक्कडपल्लीचा मुलगा लंडनला चुकतो आणि ग्लासगोला बरोबर ठरतो. अशा शब्दाला 'चूक' म्हणण्यापेक्षा 'परीक्षेत लिव्ह लिहा' असे सांगणे अधिक प्रामाणिक होईल.

'हो, नाही आणले'

वरील लकबींनी फारसे नुकसान होत नाही. पुढील लकबीने होते.

कागदपत्रांच्या तपासणीत अधिकारी इंग्रजीतून विचारतो, 'तुम्ही मूळ प्रमाणपत्र आणले नाही?' उमेदवाराने ते आणलेले नसते. तो म्हणतो, 'यस सर.' इंग्रजी वळणाच्या कानाला याचा अर्थ 'आणले आहे' असा होतो. थोड्या वेळाने प्रमाणपत्र निघत नाही आणि उमेदवार खोटे बोलला असा ग्रह होतो. बिचाऱ्याने खरेच सांगितलेले असते.

घोळ कशाने झाला? मराठीत 'तू गेला नाहीस?' असे विचारले तर 'हो, नाही गेलो' असे उत्तर सहज येते. दखनीत 'हौ, नइं गया.' येथे 'हो' हा विचारणाऱ्याच्या समजुतीला दिलेला होकार आहे : तुम्ही म्हणता ते बरोबर, मी गेलो नाही. जपानी भाषेतही हीच रीत आहे. इंग्रजीत 'यस' आणि 'नो' हे समजुतीकडे पाहत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. गोष्ट घडली असेल तर 'यस', नसेल तर 'नो'. प्रश्न होकारार्थी होता की नकारार्थी याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. म्हणून इंग्रजीत 'नो, आय हॅवन्ट.' (मराठीतही 'नाही, नाही गेलो' असे बोलणारे आहेतच, पण पहिली रीत कोणाला खटकत नाही, हे महत्त्वाचे.)

ही इंग्रजीची रीत अनादी नाही. जुन्या इंग्रजीत या कामाला चार शब्द होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', तर नकारार्थी प्रश्नाला 'यस' आणि 'नो'. सोळाव्या शतकात हा भेद पुसट होऊ लागला. बायबलचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडेलने 'ने'च्या जागी 'नो' वापरला म्हणून सर टॉमस मोर याने १५३२ साली त्याला फटकारले. मौज म्हणजे नियम समजावून देताना मोरच्याच लेखणीतून त्याची उलटापालट झाली! एवढ्या मोठ्या पंडिताला जे जड गेले ते दहावीच्या विद्यार्थ्याला जड जावे यात नवल नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी नकारार्थी प्रश्नाला उलट उत्तर देण्यासाठी अनुक्रमे 'सी' आणि 'डॉख' हे स्वतंत्र शब्द आजही सांभाळले आहेत. इंग्रजीने ते टाकून दिले, आणि त्याचा भुर्दंड इतरांना पडतो.

नियम पाठ करूनही घाईत तोंडून 'यस' जाणारच. म्हणून विद्यार्थ्यांना एकच सवय लावावी : 'यस' किंवा 'नो'वर थांबायचे नाही, पुढे क्रियापद बोलायचेच. 'आय हॅवन्ट ब्रॉट इट' हे शब्द ऐकले की आधी काय म्हटले याला महत्त्व उरत नाही.

आदराचे अनेकवचन

'माय फादर आर अ टीचर' असे वाक्य वहीत सापडले की शिक्षक कपाळावर हात मारतो. परंतु 'माझे वडील शिक्षक आहेत' आणि 'मेरे अब्बा टीचर हैं' या दोन्ही वाक्यांत क्रियापद अनेकवचनीच आहे. तेलुगू मूलही 'नान्नगारु वच्चारु' असे आदरार्थीच बोलते. वडिलांना 'इज' लावणे म्हणजे 'बाप आला' म्हणण्यासारखे त्याला वाटते. ही अदब आहे, व्याकरणाची अनास्था नव्हे.

इंग्रजीतही एके काळी असेच होते. एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' अशी विभागणी होती. पुढे मोठ्या माणसाला आदराने 'यू' म्हणू लागले आणि आदर इतका पसरला की 'दाऊ' नाहीसाच झाला. एका माणसाला उद्देशूनही 'यू आर' का, 'यू इज' का नाही, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो तेव्हा त्याचे उत्तर आपल्या 'आपण'मध्येच आहे.

'दाऊ' गेल्यामुळे इंग्रजीत एक पोकळीही निर्माण झाली : समोर एक आहे की अनेक, हे 'यू'वरून कळत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लोकांनी 'यॉल' काढले, आयर्लंडमध्ये 'यूझ' ऐकू येते. आपल्याकडे 'तुम लोगां' किंवा 'तुम्ही लोक' यावरून 'यू पीपल' झाले. आपल्या मनात त्यात काहीच वावगे नसते. अमेरिकेत मात्र तो शब्द 'तुमच्यासारखी माणसे' अशा तुच्छतेच्या सुरात ऐकला जातो. १९९२ च्या जुलैत अध्यक्षपदाचे इच्छुक रॉस पेरो यांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेपुढे भाषण करताना तो वापरला आणि मोठा गहजब झाला. परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलण्याच्या नोकऱ्या हैदराबादेत पुष्कळ आहेत. त्या मुलामुलींना 'यू पीपल'ऐवजी 'यू ऑल' म्हणावे एवढे आधी सांगितले गेले तर बरे.

सोडून देण्याजोगे

काही शब्दांमागे मात्र शिक्षकांनी उगाच लागू नये. 'कझिन ब्रदर' त्यांपैकी एक. मराठीत चुलत, मामे, आते, मावस अशी चार नाती आणि प्रत्येकात भाऊ-बहीण निराळे. उर्दूत चचाज़ाद, मामूज़ाद, फुफीज़ाद, ख़ालाज़ाद. इंग्रजीने या साऱ्यांना एका 'कझिन'मध्ये कोंबले आणि तो मुलगा की मुलगी हेही सांगितले नाही. आपण 'ब्रदर' जोडला तो गरजेपोटी. शंकेला 'डाऊट' म्हणणे हेही असेच. 'प्रीपोन' तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला आहे.

शिवाय प्रमाण इंग्रजी तरी एक कुठे आहे? अमेरिकन माणूस 'गॉटन' म्हणतो तेव्हा इंग्रजाला ते गावंढळ वाटते. पण तो जुना इंग्रजी शब्द, जो मायदेशी मागे पडला आणि समुद्रापार टिकला. दखनीची हकीकत याहून वेगळी नाही. 'लोगां', 'किताबां' ही अनेकवचने उत्तरेकडून आलेल्या जुन्या बोलीची, पंजाबी-हरियाणवीशी नाते सांगणारी. दिल्लीच्या प्रमाण उर्दूने ती टाकली, दख्खनने ठेवली. 'गॉटन'ला अमेरिकन शब्दकोशात मानाचे स्थान मिळाले. 'लोगां'ला आपल्या वर्गात हशा मिळतो.

हैदराबादेत इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासासाठी १९५८ मध्ये केंद्रीय संस्था स्थापन झाली. आज ती इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते, आणि चिक्कडपल्लीपासून ती फार लांब नाही. उर्दू माध्यमाच्या शाळांतील इंग्रजी शिक्षकांसाठी मात्र दखनी वाक्य आणि त्याचे इंग्रजी वळण शेजारी-शेजारी मांडणारी साधी पुस्तिका हवी आहे. पन्नास वाक्ये पुरेशी होतील. ती तयार करण्यास उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तीन विभागांच्या शिक्षकांना एका टेबलाशी बसावे लागेल, आणि पहिल्या पानावर 'दोनच' व 'इथेच' ही जोडी घालता येईल.