किती ते कळलं. का ते कोण सांगणार?

2019 साली बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी मांडताना जपून मांडायला हवेत. तरीही एवढी तफावत योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही.

शिरूर कासार हा याच जिल्ह्यातला कोरडवाहू तालुका. दसरा-दिवाळी उरकली की इथल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा होतो, त्यामुळे बाईच्या कामाचा वेगळा रकाना मुकादमाच्या वहीत नसतो.

या बायका ‘पिशवी काढली’ असं गेली कित्येक वर्षं सांगतच होत्या. पण चार बायकांचं गाऱ्हाणं आणि पाच अंकी आकडा यांना सरकारदरबारी मिळणारी वागणूक सारखी नसते. 2019 मध्ये बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मोजणी झाली. मोजणीमुळे प्रश्नाचा आवाका कळला. ही संख्यात्मक संशोधनाची ताकद. किती, कुठे, कोणत्या वयात, वाढतंय की घटतंय, हे तेच सांगू शकतं.

छापील पर्यायांत न बसणारं उत्तर

अडचण पुढे येते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शस्त्रक्रियेचं कारणही विचारलं होतं. उत्तराचे पर्याय छापील: मासिक पाळीत अति रक्तस्राव किंवा वेदना, गाठी, अंग बाहेर येणं, कर्करोग वगैरे. निम्म्याहून अधिक स्त्रियांची उत्तरं पहिल्या पर्यायात मोडली. उत्तर खोटं नाही. पण अति रक्तस्राव औषधानेही आटोक्यात येऊ शकतो. मग गोष्ट थेट शस्त्रक्रियेपर्यंत का गेली, ते या खुणेवरून कळत नाही.

आता हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारून पाहा: ‘पहिल्यांदा त्रास झाला त्या दिवसापासून सगळं सांगा.’ मग बाई बोलू लागते. पहाटे अंधारात फडात जावं लागतं. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, कापड धुवायला पाणी नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. एक दिवस दवाखान्यात गेलं की खाडा पडतो, आणि तो कोयत्याच्या हिशेबातून वळता होतो; पाचशे रुपयांच्या खाड्याचा उल्लेख 2019 च्या बातम्यांत वारंवार आला होता. गावाकडच्या डॉक्टरने कॅन्सरची भीती घातलेली असते. लग्न लवकर झालेलं, मुलं झालेली; मग पिशवीचा उपयोग काय, असं घरातलेही म्हणतात. यातलं एकही कारण छापील यादीत नाही. तिथे ‘खाडा’ असा पर्याय छापणार कोण?

अनुभवाचा अर्थ अनुभवणाऱ्याच्याच शब्दांतून लावणं, हे गुणात्मक संशोधनाचं काम. दीर्घ मुलाखत, गटचर्चा आणि प्रत्यक्ष निरीक्षण ही त्याची साधनं.

गप्पा आणि संशोधन

‘मग पत्रकार आणि संशोधक यांत फरक काय?’ हा प्रश्न रास्त आहे. फरक शिस्तीचा आहे. मुलाखतींसाठी चिठ्ठ्या टाकून माणसं निवडत नाहीत. वेगवेगळे अनुभव असलेली मुद्दाम निवडतात. शस्त्रक्रिया झालेली, डॉक्टरने सांगूनही न केलेली, ऊसतोडीला कधीच न गेलेली शेजारीण, मुकादम, आशाताई, डॉक्टर. संभाषण शब्दशः उतरवलं जातं. मग ओळीन् ओळ वाचून तिला खूण दिली जाते. समजा, एखादी म्हणाली, ‘सीझनमधी दुखणं परवडत नाही, म्हणून पावसाळ्यातच उरकलं.’ या एका वाक्यात दोन खुणा निघतात: मजुरीचं नुकसान आणि शस्त्रक्रियेची वेळ. अशा खुणा जुळवत गेलं की धागे दिसू लागतात. आपल्या निष्कर्षाला छेद देणारी मुलाखत बाजूला टाकायची नसते, उलट तीच पुन्हा वाचायची असते.

किती मुलाखती पुरेत? नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. 2006 मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या 60 स्त्रियांच्या मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या 12 मुलाखतींतच येऊन गेल्याचं आढळलं. अर्थात त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या गटातल्या होत्या. गट जितका भिन्न, तितक्या मुलाखती वाढतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वीस मुलाखतींवरून ‘तालुक्यातल्या इतक्या टक्के बायका’ असं म्हणता येत नाही. विचारणारा कोण आहे, सासू शेजारी बसली आहे का, मुकादम ऐकतोय का, यावर उत्तर बदलतं. म्हणून एकच विषय पावसाळ्यात शिरूरच्या घरी आणि हंगामात कारखान्याजवळच्या कोपीवर, असा दोन्हीकडे विचारावा लागतो.

दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी कशा राबतात, ते गडचिरोलीत पाहायला मिळतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम 8 टक्के. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ फक्त बाळंतपण एवढाच धरणाऱ्यांना विचार करावा लागला. त्याच राणीताईंनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात गावातल्या बायका आपल्या शरीराबद्दल काय समजतात, काय बोलतात, ते मांडलं. आकड्याने दुखणं दाखवलं, आणि बाई ते दुखणं अंगावर का काढते हे बोलण्यातून उलगडलं.

बीडमध्ये पुढे खासगी रुग्णालयांतल्या अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. आकडा समोर असला की असा उपाय सुचतो, आणि तो गरजेचाही आहे. पण फडावरचं पाणी, संडास, खाड्याचा हिशेब आणि दुखण्याची रजा यांकडे परवानगीचा कागद पोचत नाही. ती वाट बायकांच्या बोलण्यातूनच सापडते.

म्हणून तालुक्यातल्या महाविद्यालयांनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी आणि सामाजिक संस्थांनी पुढची पाहणी हाती घेण्यापूर्वी एवढं करावं: प्रश्नावली छापण्याआधी दहा-बारा जणींचं बोलणं मध्ये न तोडता ऐकावं, त्यावरून प्रश्न बांधावेत आणि मगच मोजायला निघावं.