खिडकीतून फेकले, ते कुणाच्या शेतात पडले?

आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या गाड्या माणसांनी फुलून जातात. एरवीही कुणी लेकीला भेटायला, कुणी कोर्टकचेरीच्या कामाला आगगाडीने जातोच. बरोबर भाकरीचे गाठोडे असते. वाटेत भजी होतात, पाण्याची बाटली होते. खाणे उरकले की कागद, पिशवी, बाटली खिडकीतून बाहेर. हात मोकळा झाला, गाडी पुढे गेली. पण कचरा गेला कुठे?

रुळांच्या दोन्ही अंगांना आपल्यासारख्यांचीच शेते आहेत. हलकी पिशवी वाऱ्याने उडते आणि बांधावर, चाऱ्यात जाऊन पडते. तिला खरकट्याचा वास असतो. गाय-म्हैस जिभेने चारा ओढून घेते. त्यातून पिशवी निवडून टाकणे तिला जमत नाही. प्लॅस्टिक कोठीपोटात जाते. ते पचत नाही. एकावर एक पिशवी साचून तिथे गोळा होतो. जनावर रवंथ सोडते, पोट फुगते, दूध आटते. मग शस्त्रक्रिया करून गोळा काढावा लागतो. वेळेवर कळले नाही, तर दावणीचे जनावर हातचे जाते.

तीच गोष्ट गाडीतल्या संडासाची. पूर्वी त्यातली घाण थेट रुळांवर पडे. रूळ गंजत, आणि गँगमनला त्या घाणीत उभे राहून काम करावे लागे. आता डब्याखाली जैव-शौचालयाची टाकी असते. रेल्वेने डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने ही सोय केली. टाकीचे काम आपल्या गोबरगॅससारखेच. आत जीवाणू असतात. ते हवेवाचून मैला कुजवतात आणि त्याचे पाणी व वायू होतात.

आपल्या गोबरगॅसमध्ये कुणी बाटल्या आणि चिंध्या टाकील काय? गाडीत मात्र गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, बाळाचे लंगोट भांड्यात टाकले जातात. जीवाणूंना ते पचत नाही. भांडे तुंबते, डब्यात दुर्गंधी पसरते आणि म्हाताऱ्या माणसांचे, लेकुरवाळ्या बायांचे रात्रभर हाल होतात.

२०१२ च्या नियमांनुसार गाडीत किंवा स्थानकावर घाण करणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आपले भान दंडाच्या धाकाने यावे कशाला? निघताना गाठोड्यात एक रिकामी जुनी पिशवी ठेवावी. साली, कागद, पुड्या तिच्यात भराव्यात आणि उतरल्यावर स्थानकावरच्या कचरापेटीत टाकाव्यात. बाळाचे लंगोट कागदात गुंडाळून त्याच पिशवीत ठेवावेत. डबा फारच घाण असेल, तर १३९ क्रमांकावर फोन करून रेल्वेला कळवावे.

पोरे घरात पाहतात तेच गाडीत करतात. त्यांना एवढेच सांगावे: बाळांनो, खिडकीबाहेर उकिरडा नाही. तिथे कुणाची तरी गाय चरते आहे.