रंगीत पाण्यावर करवंटीचा उतारा

विठ्ठलवाडीजवळून वाहणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिरावरून, उल्हासनगर ओलांडून येते आणि कल्याणला खाडीला मिळते. जीन्स रंगवणाऱ्या, धुणाऱ्या छोट्या कारखान्यांचे पाणी वर्षानुवर्षे तिच्यात पडत आले. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये स्थानिक संस्थांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. पण दंडाने पाण्यातला रंग जात नाही.

धुतले तरी विटू नयेत असेच हे रंग बनवलेले असतात. त्यामुळे सांडपाण्यातले जिवाणूही त्यांना सहजी मोडत नाहीत. इथे कामी येतो सक्रिय कोळसा, आणि तो नारळाच्या करवंटीपासून उत्तम होतो.

करवंट्या वाळवून कुटतात, फॉस्फरिक आम्लात भिजवतात आणि हवा लागू न देता सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवतात. नंतर आम्ल धुऊन काढले की कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे मोकळी होतात. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमूटभर भुकटीत जवळजवळ दहा गुंठे! रंगाचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून बसतात. यालाच अधिशोषण म्हणतात. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात ही भुकटी घालून ढवळतात. पुरेशी भुकटी आणि वेळ मिळाला की गाळलेले पाणी नितळ निघते.

करवंटीऐवजी मुरबाड-शहापूरकडचे भाताचे तूसही चालते, मात्र त्यात सिलिका बरीच असल्याने राख जास्त उरते. उल्हास नदीतली जलपर्णीही वापरता येईल. पण ती पाण्यातले जड धातू शोषते, म्हणून आधी तपासणी हवी.

जीन्सचा निळा रंग, इंडिगो, पाण्यात विरघळत नाही. तो बारीक कणांच्या रूपात तरंगतो. हे कण थेट कोळशावर सोडले तर छिद्रांची तोंडेच बुजतात. म्हणून आधी तुरटीने गाळ खाली बसवायचा, मग वाळूतून गाळायचे आणि उरलेले विरघळलेले रंग कोळशाकडे द्यायचे.

रंगाने भरलेला कोळसा मात्र कचऱ्यात टाकून चालणार नाही. तो उच्च तापमानाला पुन्हा सक्रिय करावा लागतो, नाहीतर घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागते. शिवाय रंग नदीत मिसळला की पाण्याचे आकारमान इतके वाढते की कोळसा पुरा पडत नाही. छोट्या कारखानदाराला हा खर्च एकट्याने झेपणारा नाही. अशा सगळ्या कारखान्यांचे पाणी नाल्यात पडण्याआधी गोळा करणारे सामायिक केंद्र उभे राहिले, तरच करवंटीचा कोळसा वालधुनीच्या उपयोगी पडेल.