खोटी नाणी, खऱ्याचे नुकसान

गेल्या हिवाळ्यात मोहल्ल्यातील एक वृद्ध खाला माझ्या कापडाच्या दुकानात आल्या. नातीची शादी ठरली होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडून चांदीचे सात जुने रुपये गादीवर ठेवले. चार राणीछाप, तीन पंचम जॉर्जचे. मरहूम सासऱ्यांची ही ठेव. त्या आदल्याच दिवशी शहरातील जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे जाऊन आल्या होत्या. त्याने नाणी उलटीसुलटी केली आणि सांगितले, "आजकाल नकलीच माल जास्त येतो. खरे-खोटे कोण पाहत बसणार? मोडीच्या भावाने द्यायचे असतील तर द्या."

मी शेजारच्या सराफाकडे नाणी वजन केली. सातही खरी होती. त्यांपैकी एक १९११ सालचे होते. या सालच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती इतका बेडौल उमटला होता की लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुसलमानांनी हरकत घेतली, सरकारने नाणे परत घेऊन बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणूनच संग्राहक या सालासाठी वेगळा भाव देतात. खालांच्या हाती तेच नाणे होते आणि त्यांना भाव मिळत होता मोडीचा.

नकली मालाचे खरे नुकसान हे असे असते. फसतो तो एकटा खरेदीदार, असे आपण समजतो. पण भरवसा उठला की खऱ्या मालाचाही भाव उतरतो. कापडात आम्ही हे पाहिले आहे. नामांकित गिरणीचा खोटा छाप मारलेली थाने बाजारात आली, की अस्सल थानालाही गिऱ्हाईक दहा वेळा चोळून पाहते आणि भाव पाडून मागते.

नक्कल कशी चालते

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय परका नाही. एकीकडे आपले खामगाव शुद्ध चांदीसाठी दूरवर नावाजलेले, तर दुसरीकडे "खोदकामात सोन्याच्या मोहरांचा हंडा सापडला" अशी थाप मारून बाहेरगावच्या माणसांना बोलावून लुबाडल्याच्या बातम्या याच जिल्ह्यातून वारंवार येतात. पद्धत ठरलेली आहे. आधी एक-दोन अस्सल नाणी तपासायला देतात. सराफ ती खरी सांगतो. मग लोभ सुटतो आणि मोठ्या रकमेत पितळेचे तुकडे गळ्यात पडतात. यात लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते गुपचूप विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात.

दुसरा प्रकार हौशी लोकांच्या बाजारातला. जत्रेत, पदपथावर, आता मोबाईलवरही "ईस्ट इंडिया कंपनी, १८१८" असे लिहिलेली रामदरबार किंवा हनुमानाची नाणी विकतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नव्हती. जहांगीर बादशहाच्या राशिचक्राच्या नाण्यांच्या नकला तर ढिगाने आहेत. १९३९ सालचा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या नाण्यावरचा शेवटचा आकडा कोरून नऊ करतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या लाखोंच्या सौद्याचे आमिष दाखवून आधी "फी" मागणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले, की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँक त्यासाठी कसलेही कमिशन मागत नाही.

हा रोग जगभर आहे. अमेरिकेत खेळाडूंची व कार्टूनची चित्रे असलेले पत्ते जमवण्याचा मोठा धंदा आहे. तेथे नकली पत्ते वाढल्यावर तपासून, दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या बंद डबीत पत्ता देणाऱ्या कंपन्या निघाल्या. मग ठगांनी डब्याही नकली केल्या. लोगन पॉल या प्रसिद्ध व्यक्तीने पोकेमॉनच्या पत्त्यांची मोहोरबंद पेटी पस्तीस लाख डॉलरला घेतली. जानेवारी २०२२ मध्ये ती उघडली, तर आत भलतेच स्वस्तातले पत्ते निघाले. पेटी खरी असल्याचा निर्वाळा आधीच दिला गेला होता. म्हणजे मोहोर आणि शिफारस पाहून डोळे मिटणे कुठेच परवडत नाही.

परख कशी करावी

१८३५ नंतरचा कंपनी व राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात शंभरात सुमारे ९२ भाग चांदी. झिजलेला रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. जर्मन सिल्व्हर चांदीपेक्षा हलके असते, म्हणून तेवढ्याच आकाराचा नकली रुपया दहा ग्रॅमलाही कमी पडतो. १९४० पासून मात्र सरकारनेच चांदी निम्म्यावर आणली, हे विसरू नये. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. अस्सल नाणे ठशाखाली ठोकलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेला सांध्याची रेघ दिसते.

मोगल नाण्यांच्या बाबतीत आपल्यापैकी उर्दू शिकलेल्यांजवळ एक हत्यार आहे, त्याचा उपयोग करावा. या नाण्यांवर फारसी मजकूर असतो, सहसा हिजरी सन असतो आणि बादशहाच्या जुलूसचे वर्षही असते. नक्कल करणाऱ्याला अक्षर येत नाही. तो एका नाण्याची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची बाजू जोडतो. औरंगजेबाचे जुलूस वर्ष १०६८ हिजरीपासून मोजतात. तेव्हा तिसाव्या वर्षाच्या नाण्यावर १०९७ किंवा १०९८ हवे. १११० दिसले तर नाणे खाली ठेवावे. कलमा पायदळी येऊ नये म्हणून औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढला होता. त्याच्या नावासोबत कलमा असलेले नाणे कोणी दाखवले, तर शंका घ्यावी. मात्र शाह आलम दुसरा याच्या काळात काही टांकसाळींनी एकच जुलूस वर्ष अनेक साले चालवले, तेथे हा हिशेब लागू पडत नाही. बुऱ्हाणपूर आणि एलिचपूर या टांकसाळी तर आपल्या शेजारच्याच. त्यांची नावे नाण्यावर वाचता येणे ही आपल्या मुलांसाठीही चांगली तालीम आहे.

कारागीर आणि व्यापारी बांधवांना विनंती

ओतकाम आणि ठसेकाम करणारे अनेक कारागीर आपल्यात आहेत. जुन्या नाण्याचा नमुना बनवणे हा गुन्हा नाही. दागिन्यात, सजावटीत त्याला मागणी आहे. पण तो जुना म्हणून विकणे ही फसवणूक आहे. पूर्वीचे कलम ४२०, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ झाले. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने संग्राहकांच्या नाण्यांच्या प्रतिकृतीवर "नक्कल" हा शब्द उमटवणे सक्तीचे आहे. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? ठशातच "नमुना" असा शब्द कोरावा. कारागिराचे नाव होते, आणि त्याचा माल पुढे कोणी ठगाने वापरला तरी त्याची मान खाली जात नाही.

व्यापाऱ्यांनी पक्के बिल द्यावे. त्यात साल, टांकसाळ व वजन लिहावे आणि "नकली निघाल्यास पैसे परत" असे सही करून द्यावे. जो हे लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. शंभर वर्षांवरील नाण्यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत.

खालांना मी कापड उधारीवर दिले. लग्नाच्या खर्चापायी सहा रुपये त्यांनी सराफाकडे चांदीच्या भावाने मोडले, माझे सांगणे तेवढे चालले नाही. १९११ चा रुपया मात्र त्यांच्या पेटीत आहे. वाचून, तोलून, लेखी बिलावर योग्य भाव देणारा माणूस मिळेपर्यंत तो तेथेच राहील.