घरपट्टीचें अपील व अधिकाऱ्यांची भेट

फेरआकारणीची नोटीस हातीं पडली, कीं आपला शेतकरी बंधु एकतर निमूटपणें पट्टी भरतो, नाहींतर पंचायतीच्या दारांत आवाज चढवितो. आमचा जन्म महसूल खात्यांतील कारकुनींत गेला. आवाजानें नोंदवहींतील आंकडा हाललेला आम्हीं पाहिला नाहीं.

डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांपासून महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींची घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते. जागेचें व बांधकामाचें क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वयाप्रमाणें घसारा आणि वापराचा भारांक यांवरून तो आंकडा निघतो. वापर व्यापारी लिहिला, कीं भारांक वाढतो. चूक असते ती बहुधा यांतल्याच एखाद्या रकान्यांत.

आमच्या शेजारच्या एका बंधूंचें मातीच्या भिंतींचें घर विटांचें म्हणून चढलें होतें, व कडबा ठेवण्याची पडवी गोदाम म्हणून. अपिलापूर्वीं त्यांस घेऊन आम्ही आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यांस सहज भेटलों. जवळ नमुना ८ चा उतारा, जुन्या पावत्या व मोजणीची टेप. "पट्टी फार आहे, साहेब," हें वाक्य आम्हीं बंधूंस उच्चारूं दिलें नाहीं. "भिंत मातीची आहे, आपण पाहण्यास चला," एवढेंच बोलण्यास सांगितलें. साहेब आले. गोदामांत म्हैस रवंथ करीत बसलेली पाहून हंसले, आणि "दुरुस्त करून घेऊं" म्हणाले. (चहा अवश्य द्यावा, त्यापुढें कांहीं देऊं नये. २०१८ च्या कायदेदुरुस्तीपासून लांच देणें हाही स्वतंत्र गुन्हा आहे.)

येथेंच आम्ही चुकलों. "करून घेऊं" म्हणजे झालें, असें आम्हीं धरलें. साहेबांची बदली झाली. १९५८ च्या अधिनियमान्वयें पंचायत समितीकडे अपील करावयाचें, त्याची मुदत उलटून गेली, आणि नव्या अधिकाऱ्यांपुढें ठेवण्यास आमच्याजवळ एक चिठ्ठीही नव्हती. भेटीगांठींनीं मुदत थांबत नाहीं, हें जन्मभर दुसऱ्यांस सांगणारे आम्ही! बंधूंनीं त्या वर्षाची पट्टी वाढीव आंकड्यानेंच भरली. तक्रारीचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं. तेंच आम्हांस अधिक बोंचलें.

पुढच्या वर्षीं पुन्हां गेलों. या वेळीं भेटीच्याच दिवशीं, कोणत्या तारखेस काय पाहिलें व काय कबूल झालें, तें अर्जांत लिहून दिलें. अपीलहि मुदतींत तयार ठेवलें. आवक क्रमांकाचा शिक्का आमच्या प्रतीवर उठला, तेव्हां कोठें आम्हीं साहेबांपुढचा चहा घेतला.